दाजूंचा जमाखर्च

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरचे कोणी ना कोणी परदेशात नोकरीला असेल. कोणाचे अब्बा कुवेतला, कोणाचे चाचा दोह्याला, कोणाचा मोठा भाऊ सौदीत. आमच्या रत्नागिरीत तर ज्या घरातून कोणीच समुद्रापलीकडे गेलेले नाही, असे मुसलमानाचे घर शोधावे लागते. ही मंडळी सुट्टीवर आली आणि गप्पा रंगल्या, की एक विषय हमखास निघतो. परक्या मुलखात स्वस्त काय मिळते, हा तो विषय. खुबूस कोणत्या बेकरीत ताजा मिळतो, मासळीबाजारात कोणत्या वेळी भाव उतरतो, खजूर कोणत्या महिन्यात घ्यावा, एका खोलीत सहा जणांनी राहून पाळीपाळीने कसे रांधावे, हे सगळे ते मोठ्या हौसेने सांगतात. माझे चाचा म्हणत, की परदेशातले पहिले वर्ष दुकानदाराचे असते; आपली वर्षे दुसऱ्यापासून सुरू होतात.

आज मी तुम्हांला याच्या उलट बाजूची हकीकत सांगणार आहे. आपली माणसे जशी तिकडे जातात, तशी दुसऱ्या देशातली माणसे आपल्याकडेही पोटासाठी येतात. त्यांना आपल्या बाजारात, आपल्या रानात स्वस्त काय सापडते, याचा विचार आपण सहसा करत नाही.

रत्नागिरीत येऊन राहिलेला सर्वांत प्रसिद्ध परदेशी म्हणजे ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले आणि १८८६ च्या एप्रिलात त्याला राणी सुपयालतसह इथे आणून ठेवले. तो स्वतःच्या मर्जीने आला नव्हता. पुढची तीस वर्षे तो इथेच पहाऱ्यात राहिला. सरकारी तनखा त्याला पुरत नसे. बरोबर आणलेले जडजवाहीर तो विकत गेला आणि तरीही त्याला कर्ज झाले. त्याच्यासाठी बांधलेला वाडा १९१० मध्ये पुरा झाला आणि १९१६ च्या डिसेंबरात तो वारला. तुम्ही रत्नागिरीला सहलीला आलात, तर तो वाडा नक्की पाहाल. वाड्याजवळच्या कड्यावरून खाली भाट्याची खाडी आणि तिच्यावरचा लांब पूल दिसतो. तो पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागले, की काही अंतरावर आमच्या मामूंची हापूसची बाग आहे. राजाची हकीकत पुस्तकांत छापली गेली आहे. मी सांगणार आहे ती हकीकत मामूंच्या बागेतल्या राखणदाराची, आणि ती चाळीस पानी वहीत आहे.

हापूसच्या बागेला राखण फार लागते. मोहोर आला की फवारणी, फळ धरले की वानरे, फळ मोठे झाले की चोर. रात्र-रात्र जागावे लागते. फळ काढताना झेल्यात देठासकट अलगद उतरवावे लागते, कारण देठ तुटला की चीक सांडतो आणि आंबा डागळतो. या कामाला आता आमच्याकडे पुरेशी माणसे मिळत नाहीत. म्हणून पाऊस सरला की नेपाळातून माणसे येतात आणि पुढचा पाऊस तोंडावर आला की परत जातात. काही जण मिरकरवाड्याच्या मच्छीमार बोटींवरही काम करतात. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० मध्ये जो करार झाला, त्यामुळे त्यांना इथे यायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. या कामाच्या दिवसांना आम्ही हंगाम म्हणतो. हा शब्द तुम्हांला उर्दूतून ओळखीचा आहेच. तिथे तो 'वेळ' या अर्थाने येतो. मराठीत तो शेतात आणि बागेत येऊन राहिला आहे.

लोक या माणसांना सरसकट 'गुरखा' म्हणतात, कोणी 'बहादूर' म्हणतात. मामूंच्या बागेत आलेल्या राखणदाराला पहिल्याच दिवशी मामूंच्या नातवंडांनी असेच हाकारले, तेव्हा तो हसून म्हणाला, "मला दाजू म्हणा." नेपाळी भाषेत दाजू म्हणजे मोठा भाऊ. तेव्हापासून ते आम्हां सगळ्यांचे दाजू झाले आणि त्यांची बायको भाउजू, म्हणजे भावजय. बागेच्या वरच्या अंगाला जांभ्या दगडाचा एक मांगर आहे. त्यात दोघे राहतात.

दाजूंचे गाव जाजरकोट जिल्ह्यात, भेरी नदीच्या वरच्या डोंगरात. तिथे थंडीत पहाटे गवतावर पांढरे दहिवर पडते. आमच्याकडे डिसेंबरातही दुपारी घाम येतो. २०२१ साली दोघे प्रथम आले, तेव्हा घामोळ्यांनी बेजार झाले होते. काय खावे, हेही त्यांना कळेना. रस्त्यावरच्या दुकानात डोळ्यांपुढे जे टांगलेले असे, ते ते घेत. बिस्किटांचे पुडे, शेवयांची पाकिटे, कांदे-बटाटे, मैद्याचे पाव. रेशनकार्ड नाही, त्यामुळे तांदूळही दुकानच्या भावाने. राहायला जागा फुकट, जळण फुकट, तरी दोघांच्या जेवणाखाण्याला महिन्याला साडेपाच हजार रुपये लागत. माझ्या चाचांनी सांगितलेले दुकानदाराचे वर्ष ते हेच. आणि त्यांच्या बाबतीत ते दोन हंगाम चालले, कारण कोणी काही सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही.

तिसऱ्या हंगामात, २०२३ साली, दोघांना येऊन पंधराच दिवस झाले होते. ३ नोव्हेंबरच्या रात्री, बाराला काही मिनिटे असताना, जाजरकोटला मोठा भूकंप झाला. दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. जाजरकोट आणि शेजारचा पश्चिम रुकुम या दोन जिल्ह्यांत मिळून दीडशेहून अधिक माणसे गेली. दाजूंची म्हातारी आई आणि बारा वर्षांची मुलगी गावाला होत्या. दोघी वाचल्या. घर मात्र बसले, आणि गोठ्यातल्या शेळ्याही त्याखाली गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन लागला, तोपर्यंतचे तास त्या मांगरात कसे गेले असतील, ते मामी अजूनही सांगताना थांबतात.

परत जावे की राहावे? मामूंनी सांगितले, "दाजू, जायचे असेल तर जा, जागा तुमचीच आहे." पण रत्नागिरीहून मुंबई, मुंबईहून लखनौ, तिथून रुपैडिहाची सरहद्द आणि पुढे डोंगरातल्या बसगाड्या असा चार दिवसांचा रस्ता. दोघांच्या भाड्यात बरीच रक्कम जाणार आणि हंगामाचा पगार बुडणार. तिकडे पोहोचून हातात काय राहिले असते? दोघांनी राहायचे ठरवले. मामूंनी काही पगार आगाऊ दिला, तो लगेच गावाला गेला. आई आणि मुलगी थंडीभर ताडपत्रीखाली राहणार होत्या. पाऊस सुरू होण्याआधी डोक्यावर पत्रे हवेत, एवढा हिशेब दोघांपुढे होता.

त्याच आठवड्यात दाजूंनी वही विकत आणली.

मी नाताळच्या सुट्टीत बागेत गेले, तेव्हा ती वही पाहिली. आता तुमच्या उपयोगाची एक गोष्ट सांगते. नेपाळी भाषा देवनागरी लिपीतच लिहितात. तुम्ही आज मराठी वाचायला शिकत आहात, म्हणजे नेपाळी माणसाची वही तुम्हांलाही वाचता येईल, अर्थ कळो वा न कळो. दाजूंना मराठी बोलता येत नव्हते, पण एस.टी.च्या पाट्या आणि दुकानांवरचे भाव ते पहिल्या दिवसापासून वाचत होते. मी वही उघडली. चामल, म्हणजे आपले चावल. नून, म्हणजे मीठ. तेल म्हणजे तेलच. मग 'कोदो' असा शब्द आला, पाच-पाच किलो. आपल्याकडे कोद्रा नावाचे धान्य आहे, पण ते आमच्या बाजारात दिसत नाही. मी विचारले, तेव्हा भाउजूंनी डब्यातून मूठभर दाणे काढून दाखवले. ती नाचणी होती.

नाचणी म्हणजे मोहरीएवढ्या तांबड्या दाण्यांचे धान्य. काही ठिकाणी तिला रागी म्हणतात. कोकणात डोंगरउतारावर ती पिकते आणि दिवाळीच्या सुमारास नवे पीक बाजारात येते. नेपाळच्या डोंगरातही ती पिकते आणि तिथे तिचे नाव कोदो. दोन हंगाम दाजू त्या दुकानासमोरून जात होते, पण पोत्याचे तोंड बांधलेले आणि पाटीवर 'नाचणी' लिहिलेले. वाचता येत होते, ओळखता येत नव्हते. भूकंपानंतरच्या आठवड्यात दुकानदार माप घालत असताना त्यांना दाणे दिसले. भाउजू त्याच संध्याकाळी गिरणीवर गेल्या. उकळत्या पाण्यात पीठ सोडून लाकडी दांड्याने घोटत राहायचे, घट्ट गोळा होईपर्यंत. याला ते ढिंडो म्हणतात. तो गोळा पातळ कालवणात बुडवून, न चावता गिळायचा. पोट दिवसभर भरलेले राहते.

माझ्या दादीच्या ताटात रोज नाचणीची भाकरी असे. पुढे घरात कुवेतचा पैसा आला आणि नाचणी ही गरिबाची गोष्ट ठरून बाहेर गेली. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून शहरात नाचणीची बिस्किटे रंगीत पुड्यांत मिळू लागली आहेत. एका पुड्याच्या किमतीत किलोभर नाचणी येते, हे कोणी ग्राहकांना सांगत नाही.

वहीतला दुसरा शब्द 'गहत'. तो म्हणजे कुळीथ, ज्याला तुमच्याकडे कदाचित कुलथी म्हणत असतील. तूरडाळीपेक्षा स्वस्त आणि थंडीत अंगाला ऊब देणारा. भाउजू तो नुसता शिजवून त्याचे पाणी ढिंडोबरोबर वाढत. मामींनी त्यांना कुळथाची पिठी शिकवली. भाजलेल्या कुळथाचे पीठ, लसूण, मिरची, दोन आमसुले आणि पाणी. दहा मिनिटांत कालवण तयार होते आणि सरपणही फार लागत नाही.

आता फुकटचा माल. भाजीबाजारात मुळ्याच्या जुड्या येतात, तेव्हा पुष्कळ गिऱ्हाइके पाला तिथेच तोडून टाकतात. भाउजू शनिवारी पिशवी घेऊन जात आणि भाजीवालीला विचारून तो पाला उचलून आणत. एक दिवस तो सुकत ठेवायचा. मग ठेचून बरणीत इतका गच्च भरायचा, की आत हवा राहू नये. तोंड बंद करून बरणी उन्हात ठेवायची. पाला आंबट झाला, की काढून पुन्हा कडकडीत वाळवायचा. याला गुंद्रुक म्हणतात. भाउजू म्हणाल्या, "गावाला थंडीत आठ-दहा दिवस वाट पाहावी लागते. इथे चार दिवसांत होते." आमच्या ज्या उकाड्याने त्यांना घामोळी आली, त्याच उकाड्याने त्यांचे हे काम सोपे केले होते. मांगराच्या ओट्यावर सुपात वाळत पडलेले ते काळसर गुंद्रुक पाहून मामूंच्या गड्याने नाक मुरडले होते. पुढे त्याचा आंबट रस्सा प्याल्यावर तोच गडी वाटी पुढे करू लागला.

मासळीची तऱ्हा वेगळी. जाजरकोट समुद्रापासून फार दूर. दाजूंना नदीतला मासा माहीत, समुद्रातला नाही. मिरकरवाडा बंदरावर पापलेट आणि सुरमईचे भाव ऐकून ते पहिल्या वर्षी रिकाम्या हातांनी परतले होते. मोठ्या मासळीकडे सगळ्यांचे डोळे असतात. पण त्याच बंदरावर तारली असते. हा हातभर नव्हे, वीतभरही नव्हे असा मासा जाळ्यात एकदम भरपूर सापडतो, आणि ज्या दिवशी सापडतो त्या दिवशी मातीमोल होतो. संध्याकाळी उरलेल्या मासळीचे वाटे लावतात. वाटा म्हणजे न तोलता विकायचा ढीग. पन्नास रुपयांच्या वाट्यात दोघांचे दोन दिवस निघतात. दाजूंच्या शेजारच्या बागेतला एक नेपाळी माणूस बोटीवर काम केलेला होता, त्याने हे सांगितले. परदेशात अशी खबर आपल्याच गाववाल्याकडून मिळते. कुवेतमध्येही तसेच असते, असे चाचा सांगत.

सुक्या मासळीच्या दुकानी तर मोठी गंमत झाली. बाई ओरडत होती, "सुकट घ्या, सुकट!" दाजू थबकले. नेपाळी भाषेत सुकुटी म्हणजे वाळवलेले मांस. आपल्या गावची वस्तू इथे कशी, म्हणून ते पुढे गेले, तर टोपलीत वाळवलेली बारीक कोळंबी. तरी त्यांनी शंभर ग्रॅम घेतली. मूठभर सुकट कुळथाच्या कालवणात टाकली, की सगळ्या भांड्याला चव येते. मार्च-एप्रिलात मासळी वाळवण्याचे काम जोरात असते, तेव्हा ती त्यातल्या त्यात स्वस्त मिळते. वहीत ती 'सुकट' याच नावाने लिहिलेली आहे. तिला दुसरे नाव त्यांना सापडले नसावे.

सगळेच स्वस्त त्यांना मानवले, असे मात्र समजू नका. ओहोटीच्या वेळी भाट्याच्या खाडीत बायका चिखलातून मुळे आणि तिसऱ्या वेचतात. हे शिंपले वेचायला एक पैसाही लागत नाही. भाउजूंना एकीने पाटीभर दिले. त्यांनी ते शिजवले, एक तोंडात घातला आणि उरलेले मामूंच्या गड्याला देऊन टाकले. खोबरेल तेलात रांधलेले अन्न दाजूंना कधीच रुचले नाही. मोहरीचे तेल आमच्याकडे फारसे कोणी वापरत नाही, म्हणून ते महाग. पण महिन्याला एक बाटली ते घेतच. वहीत दर महिन्याला ती एक बाटली आहे. एवढी काटकसर करणाऱ्या घरात हा खर्च कशाला, असे मामींना वाटे. मला तसे वाटले नाही. चार दिवसांच्या रस्त्यावर घर पडलेले असताना, रोज संध्याकाळी फोडणीला आपल्या घरचा वास यावा, ही मागणी काही मोठी नाही.

फेब्रुवारीत काजू तयार झाले. काजूची बी झाडाच्या फळाला खालून चिकटलेली असते. बी विकली जाते. फळाला आम्ही बोंडू म्हणतो. ते झाडाखाली कुजत पडते, त्याला फारसे कोणी विचारत नाही. खरे तर त्यात जीवनसत्त्व क संत्र्याहून कितीतरी जास्त असते. घशाला खवखव होते एवढीच अडचण, ती फोडी करून मीठ लावले की कमी होते. २०२४ चा रमजान मार्चच्या मध्याला लागला. मामी रोज इफ्तारची एक ताटली मांगरात पाठवत. ताटली कधी रिकामी परत आली नाही. कधी मीठ लावलेल्या बोंडूंच्या फोडी, कधी कोवळ्या फणसाची भाजी. फणसाला नेपाळीत 'रुखकटहर' म्हणतात आणि अननसाला 'भुइँकटहर'. एक झाडावरचा फणस आणि दुसरा जमिनीवरचा फणस. मामूंच्या नातवंडांना हे इतके आवडले, की त्या महिन्यात घरात अननसाला कोणी अननस म्हटले नाही.

आणि आंबा? तुम्ही हा प्रश्न मनात केव्हाच विचारला असेल. रत्नागिरीच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे त्या नावाने कोणीही कुठलाही आंबा विकू नये, असा कायदेशीर शिक्का. हंगामाच्या सुरुवातीच्या एका पेटीला काही हजार रुपये येतात. दाजू रात्रभर जागून जी फळे राखत, त्यांतल्या एका पेटीची किंमत त्यांच्या महिनाभराच्या किराणाइतकी होती. त्यांनी झाडावरच्या फळाला स्वतःसाठी कधी हात लावला नाही. मामूंचा नियम असा होता, की वाऱ्याने पडलेली कैरी राखणदाराची. सगळ्या बागांत असा नियम नसतो. काही बागायतदार पडलेली कैरीही मोजून घेतात आणि लोणचेवाल्याला देतात. भाउजूंनी त्या कैऱ्यांच्या फोडी मीठ लावून वाळवल्या.

पिकलेला आंबा त्यांनी खाल्ला तो रायवळ. बांधावर आपोआप उगवलेल्या झाडांचा हा आंबा छोटा, रेषाळ आणि भलताच रसाळ. प्रत्येक झाडाची चव निराळी. तो पेटीत टिकत नाही, म्हणून मुंबईला जात नाही, म्हणून त्याला भाव नाही. मे महिन्यात रस्त्याकडेला तो टोपलीने मिळतो आणि बांधावर तर वेचून घ्यावा. मला स्वतःला हापूसपेक्षा तो चोखून खायला जास्त आवडतो, पण बागायतदाराच्या घरात हे मोठ्याने बोलण्याची सोय नाही.

त्याच महिन्यात रातांबे पिकतात. त्यांच्या साली वाळवल्या की आमसुले होतात, साखरेत मुरवल्या की सरबत. बियांतून निघणारे तेल थंड झाले की घट्ट होते. त्याचे गोळे वळतात, त्यांना मुठेल म्हणतात. टाचांच्या भेगांवर गरम करून लावायला याच्यासारखे औषध नाही. दिवसभर कातळावर अनवाणी चालणाऱ्या दाजूंच्या टाचा फाटून रक्त येत असे. दुकानातल्या मलमाच्या नळीपेक्षा ते गोळे त्यांना स्वस्तही पडले आणि लागूही पडले. पावसाळ्यातला टाकळा, अळू, शेवळे या आमच्या फुकटच्या भाज्या मात्र दाजूंनी कधी पाहिल्याच नाहीत. त्या उगवतात तेव्हा ते गावाला असतात.

ही सगळी यादी ऐकून तुम्हांला वाटेल, की थोड्या पैशांत राहणे किती सोपे आहे! तसे नाही. एप्रिल महिन्याच्या पानावर एकच शब्द मोठ्या अक्षरांत आहे, 'औषधी', आणि त्यापुढे १,८५० रुपये. भाउजूंना ताप आला होता. तीन दिवसांचा ताप, तपासणी, सलाईन. नाचणी, मुळ्याचा पाला आणि तारलीचे वाटे यांतून दोघांनी महिनाभर जे वाचवले होते, ते जवळजवळ सगळे त्या एका ओळीत गेले. अन्नाला स्वस्त पर्याय सापडतो, औषधाला सापडला नाही. त्या महिन्यात दाजूंनी चहातली साखर बंद केली. वहीत साखरेच्या जागी नुसती रेघ आहे.

मे अखेरीस दाजूंनी शेवटच्या पानावर बेरीज केली. मला म्हणाले, "दिदी, तुम्ही एकदा तपासा." मी तपासली, बरोबर होती. महिन्याच्या साडेपाच हजारांतून जे वाचले, ते सात महिन्यांचे मिळून, औषधाचे वजा जाता, १२,१५० रुपये. भारताचे १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०, हे प्रमाण १९९३ पासून ठरलेले आहे. आता १२,१५० रुपयांचे नेपाळी रुपये किती, हा गुणाकार तुम्ही वहीवर करून पाहा. उत्तर १९,४४० यायला हवे. हे केवळ जेवणातून वाचलेले. पगारातली शिल्लक त्याहून वेगळी. या जेवणातल्या पैशांचे पत्रे घ्यायचे, असे भाउजूंनी आधीच ठरवून टाकले होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघे निघाले. कोकण रेल्वेच्या फलाटावर त्यांच्या पिशव्यांतून सुकटीचा वास येत होता. त्यांनी पाच किलो कुळथाचे पीठ, आमसुले, वाळवलेल्या कैऱ्या आणि मुठेलाचे आठ गोळे घेतले होते. हापूसची एक पेटी मामूंनी दिली. ती चार दिवसांच्या प्रवासात टिकेल का, याची मामूंना फार काळजी होती. मागून फोन आला, की निम्मे आंबे वाटेतच पिकले आणि दाजूंनी ते डब्यातल्या लोकांना वाटून टाकले.

२०२४ च्या नोव्हेंबरात दोघे पुन्हा आले. घराला पत्रे चढले होते. भिंती अजून कमरेएवढ्याच होत्या, बाकीला ताडपत्री. मुलगी पुन्हा शाळेत जाऊ लागली होती. तिला आमसुलाचे पाणी इतके आवडले होते, की या वेळी दुप्पट आणायला सांगितले होते. दाजूंनी नवी वही आणली होती, आणि मामींसाठी गावाहून एक पुरचुंडी. तिच्यात काळपट, सुरकुतलेली, मिरीएवढी फळे होती. त्याला तिकडे टिमुर म्हणतात. मामींनी ती हुंगली आणि म्हणाल्या, "अगं, हे तर आपले तिरफळ!" तिरफळाच्याच जातकुळीतले ते झाड. संध्याकाळी मामींनी बांगड्याच्या कालवणात चार दाणे ठेचून टाकले. जिभेला झिणझिण्या आल्या. भाउजूंना ते कालवण फार आवडले. मामूंचे म्हणणे पडले, की बांगड्याला तिरफळच बरे.